उकळत्या पाण्यातला सांधा

मुंगीने नळीचा चिमटा सैल केला आणि ॲसिडचा पहिला थेंब काळ्या पाण्यात पडला. जिथे पडला तिथे क्षणभर तपकिरी ठिपका उमटला, आणि दादाने लाकडी दांडी फिरवताच विरून गेला.

"ढवळायचं, दादा. घुसळायचं नाही."

"मग हे काय करतोय?"

"लोणी काढतोयस."

दादाने हात हळू केला. गरम पाण्याच्या टबात काचेचं रुंद भांडं होतं आणि त्यात ते काळं पाणी. पेंढा कॉस्टिक सोड्यात दिवसभर शिजवला, धागे गाळून बाजूला काढले, की उरतं ते. दिसायला डांबरासारखं, हाताला बुळबुळीत. घरामागची ही शेड एके काळी दादाच्या सुतारकामाचं गोदाम होती. आता अर्धी शेड त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मुंगीच्या भांड्यांनी भरली होती आणि उरलेल्या अर्ध्यात, चादरीखाली, दादाचा गरम प्रेस झाकून ठेवलेला होता.

थेंबामागून थेंब पडत गेला. मुंगी मधूनच कागदाची पट्टी बुडवायची, रंग बघायची, मान हलवायची. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा दादाने ॲसिड घाईघाईने ओतलं होतं. पाण्याचा नुसता चिखल झाला, गाळायच्या फडक्याची भोकं बुजली, आणि थेंबही खाली उतरेना. दोघं फडकं पिळत बसलेले बघून दादाची बायको दारात उभी राहून हसली होती. तिला घरात सगळे वहिनी म्हणत, चिडवायचं असलं की दादासुद्धा. "सुताराने सुतारकी सोडली आणि धोबी झाला," ती म्हणाली होती.

त्या दिवसापासून दादा घाई विसरला.

"आलं बघ," मुंगी म्हणाली.

दूध फाटावं तसं पाणी फाटू लागलं. काळ्या पाण्यात बारीक तपकिरी कण दिसू लागले, एकमेकांना धरू लागले, जड होऊन तळाशी बसू लागले. वरचं पाणी निवळत निवळत चहाच्या रंगावर आलं. दादाने हे कितीतरी वेळा पाहिलं होतं, तरी दर वेळी त्याची दांडी आपोआप थांबायची.

हेच लिग्निन. लाकडात, पेंढ्यात, गवताच्या काडीत धाग्याला धागा चिकटवून ठेवणारी वस्तू. मुंगीने पहिल्यांदा समजावलं तेव्हा दादाने पेंढ्याची एक काडी उचलून उजेडात फिरवून बघितली होती. मग म्हणाला होता, "म्हणजे देवाच्या सुतारखान्यातला सरस म्हण की."

"तसंच समज."

"आणि आपण तो सोडवून काढायचा."

"आणि परत फळीला लावायचा. तुझ्या फळीला."

तुझ्या फळीला, असं ती म्हणाली होती. बाकी काही म्हणाली नव्हती, म्हणायची गरजही नव्हती. आईवडील गेले तेव्हा मुंगी साखरेच्या डब्याभोवती घोटाळण्याच्या वयाची होती. नावही त्या वयातच पडलेलं. दादाने तिला वाढवलं ते प्लायवूडचे दरवाजे करून. लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक रचायचे, मध्ये डब्यातला लालसर सरस फासायचा आणि गरम प्रेसमध्ये दाबायचे. प्रेस उघडला की वाफेबरोबर तो वास यायचा. नाकात सुई घातल्यासारखा. कितीतरी वर्षं दादाने तो वास खाल्ला. मग एके दिवशी वासाने त्याला खायला सुरुवात केली. आधी डोळे, लाल व्हायचे, पाणी थांबायचं नाही. मग छाती. एकदा प्रेससमोर श्वास असा अडकला की वहिनीने त्याला हाताला धरून बाहेर ओढलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "पुन्हा त्या सरसाजवळ गेलात तर औषध देणार नाही, शिव्या देईन."

तेव्हापासून दादा लोकांची स्टुलं ठोकून देत होता. हात शिवशिवायचे, पण खिळ्याला काय, कोणीही ठोकतं.

आणि मुंगी, जिला शिकून कुठेही जाता आलं असतं, ती प्रयोगशाळेत पेंढा शिजवत बसली. तिच्या बोटांवर सोड्याचे पांढरे चट्टे होते. दादा ते चट्टे बघायचा आणि दुसरीकडे बघायचा. तोंडात शब्द यायचे, पण दादाच्या तोंडात आलेले शब्द परत फिरायला वेळ लागत नसे.

गाळ फडक्यावर उतरला. मुंगीने तो पुन्हा पुन्हा पाण्याने धुतला, पसरला, सुकवायला ठेवला. सुकल्यावर त्याची तपकिरी भुकटी होणार होती, आणि भुकटीचा सरस.

"उद्या बाई येणार," ती हात पुसत म्हणाली.

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. वाईट नव्हत्या, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागे. नुसत्या लिग्निनच्या सरसाने जोडलेली फळी कोरडी असताना पहाडासारखी टिकायची. उकळत्या पाण्यात टाकली की मात्र पापुद्रे सुटायचे. दर वेळी मुंगी काहीतरी बदलायची आणि दर वेळी फळी पुस्तकासारखी उघडायची. आता बाईंनी सांगितलं होतं, उद्याचा तुकडा शेवटचा. टिकला तर काम चालू, नाहीतर ते टेबल दुसऱ्या कोणाला.

"टिकेल," दादा म्हणाला.

"टिकला नाही तर?"

"तर मी स्टुलं ठोकतो आहेच. तुला एक ठोकून देतो, बसायला."

मुंगी हसली, पण डोळ्यांपर्यंत हसू पोचलं नाही.

सकाळी तिने सरस घोटला, बरणी दादाच्या हातात दिली आणि बाईंच्या आधी पोचायला म्हणून निघून गेली. प्रयोगशाळेत प्रेस नव्हता. फळी दाबायचं काम दादाकडेच असे. दुपारी तो फळी घेऊन येणार, मग तिचे तुकडे कापून उकळत्या पाण्यात सोडायचे, असं ठरलं होतं.

दादाने चादर काढली, प्रेस तापवला. मुंगीच्या सरसाला वास असा नव्हताच; भिजलेल्या गवताचा आणि जरा भाजलेल्या साखरेचा. त्याने पापुद्रे रचले, फासले, दाबले. फळी सुरेख निघाली. बोटाने टिचकी मारली तर खणखणली.

इथेच तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण सुताराला आपलं काम दुसऱ्याच्या घरी जायच्या आधी एकदा हलवून बघायची खोड असते. त्याने कडेची पट्टी कापली, स्वयंपाकघरात गेला आणि वहिनीच्या पातेल्यात पाणी ठेवून ती आत सोडली.

"आता फळ्याही खायच्या का?" वहिनीने विचारलं.

"उकडून बघतो. मऊ झाली तर तुला देतो."

तो समोर उभा राहिला. पाणी खळखळू लागलं. पट्टी आधी नुसती नाचत होती. मग तिची एक कड उचलली. मग मधला पापुद्रा वळला, सुटला आणि स्वतंत्रच फिरू लागला.

वहिनीने पातेल्यात डोकावून बघितलं. थट्टा करण्यासाठी उघडलेलं तोंड तिने मिटलं.

"तिला सांगा," ती हळू म्हणाली.

"सांगतो."

दादा शेडमध्ये परत आला. प्रेस अजून गरम होता. बाकड्यावर मुंगीची उरलेली भुकटी होती, वरती स्वच्छ कागद झाकलेला. आणि बाकड्याखाली, मागे, लाकडाच्या तुकड्यांआड, जुन्या सरसाचा एक सीलबंद डबा होता. टाकून द्यायचा म्हणून ठेवलेला आणि टाकवत नाही म्हणून राहिलेला.

त्याने डबा बाहेर काढला तेव्हा आपण काय करणार हे त्याला पुरतं ठाऊक होतं. मुंगी बाईंसमोर उभी आहे आणि पाण्यात तिची फळी उघडते आहे, एवढंच त्याच्या डोळ्यांसमोर होतं. तिचं टेबल राहू दे. टेबल राहिलं तर ती कधीतरी खरा सरस करेलच. आज एक दिवस खोट्यावर निभवला तर काय बिघडलं? तिने आपल्यासाठी एवढं केलं, आपण तिच्यासाठी एक वास सोसू.

त्याने दार लावून घेतलं. खिडकीही. वहिनीचं नाक मांजराचं, तिला पत्ता लागता कामा नये. तोंडाला ओलं फडकं बांधून त्याने डब्याचं झाकण उचकटलं. तोच तो वास. जुना शत्रू दारात उभा राहावा तसा तो समोर आला, आणि दादाचा श्वास आपोआप छातीतच थबकला.

हा वास घेऊन फळी प्रयोगशाळेत गेली तर मुंगी उंबऱ्यातच ओळखेल. दादाने विचार केला, वास मारला पाहिजे. कशाने? हाताशी होती ती भुकटी. रंगही जुळेल. त्याने मूठभर भुकटी सरसात टाकली आणि घोटली. वास होता. आणखी टाकली. सरस घट्ट झाला, तसं मुंगीचं सोड्याचं पाणी थोडं ओतून त्याने तो पातळ केला. पुन्हा भुकटी. ढवळायचं, घुसळायचं नाही. तो ढवळत राहिला, हुंगत राहिला, टाकत राहिला. वास विरळ होईपर्यंत, आणि मग नाक भांड्याला टेकवल्याशिवाय कळेनासा होईपर्यंत. डब्यातल्या सरसाइतकीच भुकटी गेली असावी, किंवा थोडी जास्तच.

फडकं कधीच गळ्यात घसरलं होतं. चोरी करणाऱ्याला घाम पुसायलाही फुरसत नसते. त्याने नवे पापुद्रे रचले, फासले, प्रेस आवळला, वाफ येईस्तोवर कान दारावर ठेवून उभा राहिला, फळी काढली, गार केली, कागदात गुंडाळली. पहिली फळी त्याने लाकडाच्या ढिगाऱ्यात खुपसली.

बाहेर पडताना वहिनी म्हणाली, "सांगणार आहात ना तिला?"

"हो, हो," तो म्हणाला आणि चपला घालता घालता निघाला.

प्रयोगशाळेत बाई मोठ्या भांड्यासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुंगीने फळीचे तुकडे कापले आणि चिमट्याने एकेक पाण्यात सोडला. दादा भिंतीला टेकून उभा राहिला.

"बसा ना," बाई म्हणाल्या.

"नको. मी उभाच बरा."

पाणी उकळत राहिलं. चहा आला, थंड झाला, पुन्हा आला. मुंगी मिनिटामिनिटाला भांड्याशी जात होती आणि परत येत होती. तुकडे तळाशी बसले होते, अखंड. तिच्या चेहऱ्यावर आधी शंका होती, मग काहीतरी उजळू लागलं. दादाला तो उजेड बघवेना. खोटं बोलणं अवघड असतं हे त्याला माहीत होतं. खोटं गप्प उभं राहून बघणं त्याहून अवघड असतं हे आज कळलं.

ऊन खिडकीतून तिरपं झालं तेव्हा बाईंनी एक तुकडा बाहेर काढला, सांध्यात पटाशी घातली आणि हातोडीचा ठोका दिला. लाकूड फाटलं. सांधा तसाच राहिला. फाटलेल्या लाकडाचे धागे दोन्ही बाजूंना चिकटून होते.

"वा!" बाई म्हणाल्या. त्या सहसा वा म्हणत नसत. "सांध्याआधी लाकूड हरलं. मुली, जिंकलीस."

मुंगीने तो ओला तुकडा हातात घेतला. उलटा केला. सांध्याची रेघ बघितली. मग, सुताराच्या घरात वाढलेलं माणूस करतं तेच तिने केलं. तो गरम तुकडा नाकाशी नेला.

मग तिने भिंतीकडे पाहिलं. दादाने जमिनीकडे.

"बाई," ती म्हणाली, "हे आज लिहू नका."

"का?"

"दादा, डबा उघडलास?"

दादाने मान हलवली. मग मान हलवणं पुरेसं नाही असं वाटून तो पुढे आला.

"तिला काही ठाऊक नव्हतं," तो बाईंना म्हणाला. "तिची फळी मी सकाळी उकळून बघितली. सुटली. मग मी हे केलं. तिच्या नावावर काही धरू नका, माझ्या नावावर धरा. मी लिहून देतो."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे हा बाजारातलाच सरस."

"हो."

"मग टिकणारच. त्यात काय विशेष?" त्यांचा आवाज थकला होता. "एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा बरं वाटलं होतं हो मला."

दादाला वाटलं, कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो मुंगीकडे वळला. "चुकलं गं. तुझं टेबल जाऊ नये म्हणून..."

पण मुंगीचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतं. ती पुन्हा तुकडा हुंगत होती.

"नुसता डब्यातला नाही हा," ती म्हणाली. "काय काय घातलंस?"

"तुझी भुकटी."

"किती?"

"वास मरेपर्यंत."

"म्हणजे किती?"

"निम्मी तरी. जास्तच. तू ओळखशील म्हणून घालत राहिलो. घट्ट झाला तेव्हा तुझं सोड्याचं पाणी घातलं."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "निम्म्यावर भुकटी? आणि सांधा हा असा?"

मुंगी ऐकत नव्हती. "खिडकी उघडी होती ना?" तिने विचारलं, आणि आता तिच्या आवाजात धाक होता, लहानपणी दादाच्या आवाजात असायचा तसा. "दादा, खिडकी?"

"बंद. दारही. वहिनीला वास गेला असता."

"तोंडाला फडकं?"

"होतं की. घसरलं."

"आणि प्रेस उघडलास तेव्हा वाफ?"

"आली अंगावर. यायचीच."

मुंगी दोन पावलांत त्याच्यापाशी आली. तिने त्याची हनुवटी धरली आणि त्याचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. पापणी अंगठ्याने वर केली. डावी, मग उजवी. तिची बोटं खरखरीत होती, सोड्याने भाजलेली. दादा लहान मुलासारखा उभा राहिला, शिक्षेची वाट बघत.

"दादा," ती म्हणाली, "तुझे डोळे लाल झालेले नाहीत."

त्याला कळलं नाही.

"सकाळी बंद खोलीत प्रेस उघडलास. आता उन्हं उतरली. श्वास कसा आहे?"

दादाने श्वास घेतला. मुद्दाम, खोल, तळापर्यंत. तो आत गेला आणि बाहेर आला. मध्ये कुठेही अडला नाही. दिवसभर तो असाच येत-जात होता आणि दादाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. सगळं लक्ष आपली चोरी लपवण्याकडे होतं. वास झाकला जातोय असं तो समजत होता. वास खरंच कमी होत होता.

"धरून ठेवत असेल भुकटी," मुंगी स्वतःशीच बोलत होती. "सरसातलं ते सुटं द्रव्य, ज्याचा तो वास येतो... मी नुसत्या लिग्निनचाच हट्ट धरून बसले. डब्यातल्याला हात लावायचा नाही, तुझ्या जिवाचं वैर आहे त्याच्याशी, म्हणून. मिसळून बघायचं माझ्या मनातच आलं नाही." मग एकदम ती सावध झाली. "पण एकदा त्रास झाला नाही म्हणजे कधीच होणार नाही असं नाही हं. मोजून बघावं लागेल. आणि तू खोलीत नसताना."

"मोजा," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला, काहीतरी खोडलं आणि दुसरं लिहिलं. "आजचा निकाल नापास. जे झालं तेच लिहिणार मी. पण टेबल कोणाला देत नाही. उद्या हेच पुन्हा, सरस इथे माझ्यासमोर घोटून. भुकटी वजन करून. वास मरेपर्यंत हे माप मला वर सांगता येणार नाही."

मुंगी हसली. या वेळी हसू डोळ्यांपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

दादा काही बोलायला गेला. एवढ्या वर्षांचं साठलेलं काहीतरी होतं. तिच्या बोटांवरच्या चट्ट्यांबद्दल, ती कुठेही गेली असती त्याबद्दल, आत्ता छातीतून सहज जाणाऱ्या या हवेबद्दल. शब्द तोंडापर्यंत आले, आणि नेहमीसारखे मागे फिरले. फक्त डोळ्यांत पाणी आलं, आणि आलं ते थांबेना.

मुंगीचा चेहरा पडला. "चुरचुरतायत? दादा, खरं सांग. कधीपासून?"

"नाही गं," दादा घाईघाईने म्हणाला आणि बाहीने डोळे पुसू लागला. "हे सरसाने नाही."